उजनीच्या काठावरची पाच एकरं

एप्रिल २०२२ मधली सकाळ. मामांनी ठिबकच्या फिल्टरचं झाकण फिरवून काढलं, आतली जाळी ओढून बाहेर घेतली आणि माझ्यापुढे धरली. जाळीवर हिरवा, बुळबुळीत लगदा चिकटला होता. त्याला कुजलेल्या गवताचा वास येत होता. "दिसातनं तीनदा धुतोय," मामा म्हणाले. "न्हाई धुतलं तर दुपारपातूर केळीला थेंब जात न्हाई."

त्याच आठवड्यात सोलापुरात आमच्या नळाला पाणी आलं, तर त्यालाही तोच वास होता, जरा फिका. पाणी उजनीचंच. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. नत्रचक्राची आकृती फळ्यावर काढून मला बावीस वर्षं झाली. त्या आकृतीतले बाण नेहमी गोल फिरून मातीत परत येतात. मामांच्या हातातल्या जाळीवर त्यातलाच एक बाण वाट चुकून येऊन पडलेला होता. तो कुठे वळला हे शोधायचं ठरवलं आणि पुढची दोन वर्षं जमेल तसं मामांकडे करमाळ्याला जात राहिले. मामांच्या परवानगीने, गावाचं नाव न घेता, हे प्रकरण लिहिते आहे.

रान आणि पाणी

उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं. एकूण साठा साधारण ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दारांखाली राहणारं पाणी. जिवंत साठा संपला की आकडा उण्यात जातो. "उजनी मायनसमध्ये गेली" हे वाक्य आमच्या जिल्ह्यात हवामानासारखं बोललं जातं. पुढचा हिशेब कळायला हा मृतसाठा महत्त्वाचा आहे. निम्म्याहून जास्त पाणी कालव्यावाटे बाहेर पडतच नाही, त्यामुळे नदीबरोबर वाहून आलेल्या बऱ्याच गोष्टी धरणाच्या पोटात बसतात आणि तिथेच साचत जातात.

मामांच्या वडिलांची जमीन नदीकाठची होती, काळी मळईची, म्हणजे नदीने आणलेल्या गाळाची. ती बुडाली. आता मामा कसतात ते वरचं माळरान आहे. हातभर माती आणि खाली मुरूम. साडेतीन एकर ऊस, दीड एकर केळी. फुगवट्यातून, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्यातून, मोटारीने पाणी उचलतात. केळी ठिबकवर, ऊस तेव्हा पाटपाण्यावर होता. वार्षिक पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पडणाऱ्या जिल्ह्यात हे रान बारमाही हिरवं आहे ते केवळ या पाण्यावर.

आधी परतीची वाट होती

मामींच्या सासूबाई, म्हणजे माझी आजी, सांगायच्या: ज्वारी खळ्यावर यायची, दाणे पेवात, कडबा जनावरांपुढे, शेण उकिरड्यात आणि उकिरडा चैत्र-वैशाखात रानात. दिवाळीनंतर धनगरांचा वाडा शेतात बसायचा. चार रात्री मेंढरं बसवली की त्या तुकड्याला दोन वर्षं दुसरं खत लागत नसे, आणि त्याबद्दल धनगराला धान्य द्यायचं. गावाला लागून असलेली गावखरी सगळ्यांत कसदार, कारण गावाची माणसं आणि जनावरं रोज तिच्यावरच फिरायची. माणसाच्या मैल्याच्या खताला मराठीत सोनखत म्हणतात. ज्यांनी तो शब्द घडवला त्यांना चक्र ठाऊक होतं. मैला डोक्यावरून वाहण्याची जबरदस्ती ज्या माणसांवर लादली गेली, त्यांच्या वाट्याला मात्र त्यातलं सोनं कधी आलं नाही. जुनी पद्धत जशीच्या तशी परत यावी असं मला मुळीच वाटत नाही. पण नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) रानातून निघत आणि बहुतांशी त्याच शिवारात परत येत, एवढं खरं आहे.

उसाबद्दल एक गोष्ट मला हा अभ्यास करताना नव्याने जाणवली. साखर म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. तिन्ही गोष्टी हवेतून आणि पाण्यातून आलेल्या. साखरेच्या पोत्यात नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ नसतंच. अल्कोहोलचंही तेच. रानातून उसाबरोबर गेलेला स्फुरद मुख्यतः मळीत, म्हणजे रस गाळून उरणाऱ्या प्रेसमडमध्ये उतरतो आणि पालाश मोलॅसिसमधून, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या दाट पाकातून, डिस्टिलरीच्या सांडपाण्यात जातो. हे सगळं नीट प्रक्रिया होऊन, ज्या रानातून आलं त्या रानात पोचलं, तर ऊस हे अन्नद्रव्यांच्या बाबतीत फार कमी उधळपट्टीचं पीक ठरू शकतं. (पाण्याच्या बाबतीत नाही, तो वाद वेगळा आणि गंभीर आहे.) मळी परत येते, पण ज्याच्याकडे ट्रॅक्टर आणि ओळख असते त्याच्या रानात. मामांच्या रानात गेल्या दहा वर्षांत ती एकदाच आली होती.

केळीचं गणित याहून कडक. एक टन केळ्यांबरोबर साडेतीन किलोच्या आसपास पालाश (पोटॅशियम) रानाबाहेर जातो. करमाळ्याच्या या पट्ट्यातली केळी आखातात जाते. तिथून साल काही परत येत नाही.

वरून काय येतं

पुण्यातून मुळा-मुठा येते, पिंपरी-चिंचवडमधून पवना येऊन मुळेला मिळते, आळंदीहून इंद्रायणी. सगळ्या भीमेत उतरतात आणि भीमा दौंडवरून उजनीत. २०११ च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या ३१ लाखांवर आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर होती. माणूस दिवसाला साधारण एक ते दीड ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) शरीराबाहेर टाकतो. ४८ लाख माणसं म्हणजे दिवसाला पाच-सात टन. सगळाच नदीत उतरत नाही, काही शुद्धीकरण केंद्रांच्या गाळात अडकतो. उलट धुण्याच्या पावडरींमधला स्फुरद आणि २०११ नंतर वाढलेली वस्ती या हिशेबात धरलेलीच नाही. शिवाय नेहमीची मैलापाणी केंद्रं मुख्यतः सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी बांधलेली असतात. पाणी दिसायला स्वच्छ झालं तरी विरघळलेला स्फुरद आणि नत्र बऱ्याच प्रमाणात तसाच पुढे जातो. हा माझा ढोबळ हिशेब आहे, मोजमाप नाही. पण टनांच्या भाषेत बोलायला लागतं एवढं त्यातून कळतं.

तो स्फुरद मुळात पुण्याचा नाहीच. तो आमच्या ज्वारीतून, डाळीतून, दुधातून, भाजीतून पुण्याच्या ताटात गेला. रानातून शहरात जायला पक्का रस्ता झाला, परतीचा रस्ता मात्र गटारात संपला.

पुण्याला दोष देऊन थांबणं सोलापूरकरांना सोयीचं आहे, म्हणून हेही लिहिते: आपल्या शहराचे नाले सीनेकडे जातात, सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते आणि ते पाणी कर्नाटकात उतरतं. पुण्याकडे बघून आपण जे म्हणतो, तेच खालची माणसं आपल्याकडे बघून म्हणू शकतात.

जाळीवरचा लगदा

फिल्टरवरचा थोडा लगदा बाटलीत घेऊन मी कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बारीक गोल पेशींच्या वेड्यावाकड्या गुठळ्या. नीलहरित जीवाणूंची, मायक्रोसिस्टिससारखी वसाहत. त्यांच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे वारा पडलेल्या सकाळी त्या वर तरंगून येतात आणि पाण्यावर रंग ओतल्यासारखी साय धरते.

शेवाळाच्या शरीरात कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचं प्रमाण अणूंच्या संख्येत साधारण १०६:१६:१ असतं. म्हणजे सगळ्यांत थोडा लागतो तो स्फुरद, आणि त्या थोड्यावरच सगळं अडलेलं असतं. एक किलो स्फुरद मिळाला तर कोरड्या वजनाने शंभर किलोहून जास्त शेवाळ उभं राहू शकतं. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये १९७३ साली एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले गेले. एका भागात कार्बन आणि नत्र टाकलं, दुसऱ्यात त्याबरोबर स्फुरदही. स्फुरद मिळालेला भाग हिरवागार झाला, दुसरा जवळपास तसाच राहिला. काही नीलहरित जीवाणू नत्र थेट हवेतून घेतात, पण स्फुरदाला हवेत वाटच नाही. तो खडकातून येतो आणि गाळात जातो.

गाळात गेला म्हणजे संपला असंही नाही. उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपतो तेव्हा लोहाशी बांधलेला स्फुरद सुटतो आणि परत पाण्यात येतो. उद्या वरून येणारं सगळं थांबलं तरी चाळीस वर्षांचा साठा धरणाच्या पोटात आहे. अमेरिकेतल्या सिएटलजवळचं वॉशिंग्टन सरोवर १९६० च्या दशकात मैलापाणी पूर्ण वळवल्यावर काही वर्षांत निवळलं होतं. पण ते खोल आहे. उजनीचा फुगवटा उथळ आणि पसरट आहे, इथे तेवढी लवकर आशा धरता येणार नाही.

काठावरच्या भोई मंडळींना हे सगळं वेगळ्या वाटेने माहीत आहे. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच श्वासासाठी तो घेतं, त्यामुळे पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. "पहाटं मासा तोंड वर काढून हवा खातो," एक म्हातारे मला म्हणाले, "तवाच कळतंय की दोन दिसांत मरतूक येणार." जाळ्यात येतो तो बहुतेक चिलापी (तिलापिया) मासा, कारण असल्या पाण्यात तोच तग धरतो. हिवाळ्यात उथळ पाण्यावर रोहित पक्षी येतात, लोक गाड्या भरून बघायला जातात. या पाण्याने कुणाचंच भलं केलं नाही असं म्हणता येणार नाही. पण पक्ष्यांची गर्दी म्हणजे पाणी चांगलं, असा अर्थ लावू नये.

नळाच्या पाण्याचा मातकट वास याच जीवांच्या द्रव्यांमुळे येतो. वास स्वतः विषारी नसतो. काही जाती मात्र यकृताला घातक विष तयार करतात आणि पाणी उकळून ते जात नाही, म्हणून दाट हिरवी साय आलेल्या जागचं पाणी जनावरांनाही पाजू नये. मामांनी त्या दिवसापासून म्हशींना बोअरचं पाणी द्यायला सुरुवात केली.

रानातला दोष

मी मातीचा नमुना तपासायला दिला. अहवाल आला तो मामींनी वाचला: सामू (पीएच) आठच्या वर, सेंद्रिय कर्ब कमी, स्फुरद भरपूर. मामा दर लागणीला डीएपी, म्हणजे स्फुरद आणि नत्राचं खत, टाकत होते. रानात स्फुरद साठला होता, तरी पोत्यामागून पोतं येत होतं. हा स्फुरद कुठून येतो? जगातले फॉस्फेट खडकाचे सर्वांत मोठे साठे मोरोक्कोकडे आहेत आणि भारत या बाबतीत मुख्यतः आयातीवर अवलंबून आहे. समुद्र ओलांडून आलेला दगड मामा विकत घेत होते. पहिल्या वळवाला बांधावरून जो गढूळ ओघळ फुगवट्यात उतरायचा, त्यातून त्यातला काही भाग मातीच्या कणांना चिकटून धरणात जायचा. आणि तोच स्फुरद लगदा होऊन फिल्टरमध्ये परत यायचा. मी हे सांगितलं तेव्हा मामा बराच वेळ काही बोलले नाहीत.

युरियाचं तसंच. सुरू उसाला, म्हणजे जानेवारीच्या आसपास लावलेल्या उसाला, हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी पाचएक पोती युरिया. मामा दहा टाकत. तेही फोकून, वरच्या वर. चुनखडीच्या, आठच्या वर सामू असलेल्या जमिनीत फोकलेल्या युरियातला बराच नत्र अमोनिया होऊन उडतो. पाटपाण्याने उरलेल्यातला काही नायट्रेट होऊन खाली जातो. १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला हवेतल्या नत्रापासून अमोनिया करण्याचा कारखाना सुरू झाला आणि माणसाने निसर्गाच्या हातातला हा नळ आपल्या हातात घेतला. त्यावर आज जगातली निम्मी तोंडं जगतात. युरियाला शिव्या देणारं लिखाण मला म्हणून पटत नाही. प्रश्न नळ उघडा ठेवण्याचा आहे.

आणि पाचट. तोड झाली की मामा काडी लावत. एकरी तीन-चार टन पाचट तासाभरात जायचं. त्यातला जवळजवळ सगळा कर्ब आणि नत्र हवेत. "का जाळता?" असं विचारणं सोपं आहे. त्यांची कारणं खरी होती: पाचटात उंदीर होतात, उंदरामागे साप येतात, सरीतून पाणी पुढे सरकत नाही, खोडव्याचे, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणाऱ्या पुढच्या पिकाचे, कोंब दबतात आणि बायकांची मजुरी परवडत नाही. यातलं एकही कारण खोटं नव्हतं.

दोन वर्षं

जानेवारी २०२३ मध्ये पाचट जाळलं नाही. कुट्टी करून सरीआड सरी पसरलं, बुडखे छाटून घेतले, टनामागे ८ किलो युरिया आणि कुजवणारे जिवाणू टाकले. शिफारशीत सुपर फॉस्फेटही असतं; स्फुरद भरपूर असल्याने आम्ही ते गाळलं. डीएपी बंद. उसालाही ठिबक झालं, त्यासाठी मामींनी बचत गटातून कर्ज काढलं. युरिया एकरी सहा पोत्यांवर, तोही हप्त्या-हप्त्याने ठिबकमधून.

फेब्रुवारीत खोडवा पिवळा पडला. मामांनी सकाळी सहाला फोन केला. "ताई, तुझ्या पुस्तकापायी माझा ऊस गेला." मी धावत गेले. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडं असतं, म्हणून ते कुजवणारे जीव आधी मातीतला नत्र स्वतःकडे ओढतात आणि पिकाला काही आठवडे उपास घडतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण तो पिवळा पट्टा डोळ्यांनी पाहिल्यावर रात्री झोप लागली नाही. सुरुवातीलाच टाकलेला युरिया कमी पडला होता, तो वाढवायला हवा होता. ही चूक माझी. एक हप्ता लवकर दिला. मार्चअखेर पानं हिरवी झाली.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. उजनी भरली नाही. शेजारची रानं वाफसा लवकर सोडत होती, मामांच्या पाचटाखाली हात घातला की ओल लागायची. मामांचं मन तिथे वळलं, कर्बाच्या माझ्या व्याख्यानांनी नाही. जानेवारी २०२४ ची तोड आधीच्या वर्षापेक्षा थोडी कमी भरली. पाऊस कमी म्हणून की खत कमी म्हणून, हे एका रानावरून सांगता येत नाही आणि मी सांगणार नाही. खताचा खर्च मात्र मामांच्या डायरीत स्पष्ट उतरलेला दिसतो.

काठालगतचा दोन वावांचा पट्टा मोकळा ठेवून तिथे हत्तीगवत लावलं. बांधावरून येणारा ओघळ त्यात अडतो, गवत म्हशींना जातं, शेण उकिरड्यात. आधी बुजवलेला उकिरडा मामींनी पुन्हा खणून घेतला. माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत टिकणारी गोष्ट ही आहे, कारण ती कुणाच्या सांगण्यावर चालत नाही. म्हशी रोज शेण टाकतात.

पाण्यात काय फरक पडला? मी डब्याचं पांढरं झाकण दोरीला बांधून फुगवट्यात सोडायचे आणि दिसेनासं होईपर्यंतची दोरी मोजायचे. एप्रिल २०२२ मध्ये ते हातभर खोलीवर दिसेनासं झालं होतं. एप्रिल २०२४ मध्ये वीतभर. धरण उण्यात होतं, उरलेलं पाणी दाट झालं होतं. पाच एकरांनी ११७ टीएमसीचं पाणी निवळत नाही. वरच्या शहरांनी मैलापाण्यातला स्फुरद काढल्याशिवाय आणि दोन्ही काठांवरच्या बागायतीने खत आवरल्याशिवाय ते निवळणार नाही. फिल्टर अजून दिवसातून तीनदा धुवावा लागतो.

गाळ

मे २०२४ मध्ये उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली. पळसदेवचं पळसनाथ मंदिर उघडं पडलं. मामांच्या गावालगत पाणी इतकं मागे सरलं की एक दगडी विहिरीचं कडं वर आलं. मामा तिथे उभे राहिले आणि पायाने माती उकरत म्हणाले, "ही आमची हीर. दादा हितनं मोट हाणायचे."

गाळ उचलायची सोय राज्यात २०१७ पासूनच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे गावोगाव माहीत झाली आहे. मी सावध केलं: वरून कारखान्यांचंही पाणी येतं, आधी जड धातूंसाठी नमुना तपासू; आणि हा गाळ काळ्या भारी रानात टाकायचा नाही, निचरा बिघडेल. मुरमाड रानाला तो चालेल. तपासणीचा अहवाल आला, त्यात अडचण निघाली नाही. मग रीतसर परवानगी काढून मामांनी दोन ट्रॅक्टर लावले.

पहिली ट्रॉली वरच्या माळावर रिकामी झाली तेव्हा मी तिथे होते. काळा, चिकट, ओला गाळ. त्यात शिंपल्यांचे तुकडे. मामांनी एक ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं, वास घेतला. "मळईच हाय," ते म्हणाले आणि दुसऱ्या ट्रॉलीला हात करायला बांधावर गेले.